दहावी तोफ घेऊन अजमानला

दुबईहून परत आलेल्या माणसाला आमच्या सोनवडीत तीन प्रश्न विचारतात. सोनं आणलं का, ती उंच इमारत पाहिली का, आणि उन्हाचं काय? तिन्हींची उत्तरं आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचाल. सोनं आणलं नाही. इमारत गाडीच्या काचेतून पाहिली आणि मान अवघडली. ऊन म्हणाल तर मी गेले डिसेंबरात, तेव्हा संध्याकाळी तिथे स्वेटर लागत होता. मी गेले होते एका जमादाराची माफी मागायला. जमादार जाऊन चाळीसएक वर्षं झाली होती, गुन्हा माझा नव्हता, आणि गुन्हा होता एक तोफ जास्त उडवल्याचा.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. आमच्या संस्थानाला नऊ तोफांचा मान होता. राजेसाहेब कुठे गेले-आले की नऊ बार उडायचे. कुणाला किती तोफा हे वरून ठरलेलं असायचं आणि त्यावरून राजेलोक जन्मभर झुरायचे. मान नऊचा असला तरी चालू स्थितीतल्या तोफा दोनच होत्या, त्याच आळीपाळीने ठासून उडवत. माझे आजोबा अप्पासाहेब त्या फौजेत लेफ्टनंट होते आणि तोफांवर होते इस्माईल जमादार. दोघं एकाच तालमीत वाढलेले आणि एकाच आठवड्यात भरती झालेले.

बार मोजायची रीत अशी होती. धुरात आणि आवाजात आकडा चुकतो, म्हणून सलामीच्या आधी अधिकाऱ्याने जमादाराच्या हातात नऊ चिंचोके मोजून द्यायचे. जमादार ते कोटाच्या डाव्या खिशात टाकायचा. एक बार उडाला की एक चिंचोका उजव्या खिशात जायचा. डावा खिसा रिकामा झाला की सलामी संपली.

फाळणीच्या आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या संस्थानाचे राजे आमच्याकडे पाहुणे आले. त्यांनाही नऊचाच मान. नऊ बार झाले, पाहुण्यांनी गालिच्यावर पाऊल टाकलं आणि दहावी तोफ धडाडली. सलामीच्या तोफा नेहमी विषम. सम आकड्याचे बार मयताला, असा फौजेत समज होता. पाहुण्यांचा पाय म्हणे हवेतच राहिला. आजोबांनी तिथल्या तिथे हुकूम दिला, "और एक!" अकरावी उडाली. आकडा विषम झाला आणि पाहुण्यांच्या जिवावरचं टळलं, पण यजमानापेक्षा पाहुण्याला दोन तोफा जास्त झाल्या होत्या, त्यामुळे आमचे राजेसाहेब लालबुंद झाले.

चौकशी बसली. आजोबांनी लेखी जबानी दिली की जमादाराची गणती चुकली आणि प्रसंग ओळखून अकरावीचा हुकूम आपण दिला. जमादार एक शब्द बोलले नाहीत. त्यांना नोकरीवरून काढलं. आजोबांना प्रसंगावधानाबद्दल त्या दसऱ्याला कॅप्टन केलं. दसरा झाल्यावर जमादार बायकोमुलांना घेऊन कराचीला गेले, तिथे त्यांचे मेहुणे बंदरावर कामाला होते. पुढे दोनेक वर्षांत संस्थानच विलीन झालं. फौज मोडली आणि दोन्ही तोफा बागेत नेऊन ठेवल्या. हल्ली त्यांवर मुलं घसरगुंडी खेळतात.

आम्ही मात्र "कॅप्टनसाहेबांचं घर" म्हणूनच राहिलो. कॅप्टनचे तीन स्टार लावलेला आजोबांचा फोटो अजून हॉलमध्ये आहे.

गेल्या दिवाळीत दुबईहून माझे जावई पराग यांचा फोन आला. त्यांची गाडी जिथे दुरुस्तीला जाते त्या गॅरेजचा मालक कराचीचा, नदीम नावाचा. बोलता बोलता त्याला कळलं की परागच्या सासूबाई सोनवडीच्या. तो म्हणाला, हमारी नानी भी वहीं की हैं, तोपखाने वाले इस्माईल जमादार की बेटी. मी हसत हसत ही बातमी आबांना सांगितली. आबा म्हणजे माझे वडील, नव्वदीला टेकलेत. त्यांनी हातातला चकलीचा तुकडा परत ताटात ठेवला आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी मला जवळ बसवून म्हणाले, "अप्पा जाताना मला सांगून गेले होते. दहावी त्यांची होती. हातात दहा चिंचोके त्यांनीच दिले होते."

मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. नऊपर्यंत मोजता न येणाऱ्या घराण्यातली मी, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. पण तेव्हा हसू आलं नाही. चूक केली आजोबांनी, नोकरी गेली मित्राची, आणि आपलीच चूक निस्तरल्याबद्दल स्टारही आजोबांनाच. त्या फोटोला मी दर दसऱ्याला हार घालत आले होते.

आबा म्हणाले, "माझं आता वय नाही. तू जा. चूक आमची होती म्हणून सांग. त्यांनी माफ केलं तर मला फोन कर. नाही केलं तरी कर."

अल मनखूल

पहिली फजिती मुंबईच्या विमानतळावरच झाली. माफी मागायला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी स्वतः बसून पन्नास अनारसे तळले होते. सामान द्यायच्या रांगेत उभी असताना माझ्या मुलीचा, मुग्धाचा फोन आला. "आई, अनारशांना खसखस लावलीयेस? वेडी आहेस का? इथे खसखस बॅन्ड आहे, अरेस्ट होते! आत्ताच्या आत्ता टाकून दे!" अन्न टाकवेना. मग मी डबा उघडला आणि रांगेतच वाटायला सुरुवात केली. पुढच्या गुजराती कुटुंबाने आठ घेतले, तिरुपतीहून आलेल्या एका टक्कल केलेल्या गृहस्थांनी दोन, आणि सामान ढकलणाऱ्या बायकांनी उरलेले पदरात बांधून घेतले. एकाने कृतीही विचारली. माझ्याकडे द्यायला राहिलं ते फक्त भडंग.

मुग्धाचं घर अल मनखूलमध्ये आहे, म्हणजे बर दुबईच्या जुन्या भागात. तिथे उतरल्यावर परदेशात आल्यासारखं मुळीच वाटत नाही, त्यामुळे थोडी निराशा झाली. खाली इडलीचं दुकान, शेजारी शिंपी, समोर सोनार, जिन्यात फोडणीचा वास. फरक दोनच. हॉर्न ऐकू येत नाही आणि झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवला की गाड्या खरोखर थांबतात. पहिल्या दिवशी मी थांबलेल्या गाडीला "तू जा" म्हणून हात करत राहिले, आतला अरब मला "तुम्ही जा" म्हणून हात करत राहिला, आणि मागे दहा गाड्या उभ्या. शेवटी मुग्धा ओढत घेऊन गेली. बाजारात मेथीची जुडी दोन दिरहम. "म्हणजे शेहेचाळीस रुपये!" असं मी आणि शेजारची अनोळखी बाई एकाच वेळी म्हणालो. ती नाशिकची निघाली.

माझ्या येण्याचं खरं कारण मी पहिल्या रात्रीच्या जेवणात सांगितलं. मुग्धाला ते पसंत पडलं नाही.

"आई, एक्झॅक्टली काय अचीव्ह करायचंय तुला? ते लोक केव्हाच मूव्ह ऑन झाले असतील. उगाच ऑकवर्ड होईल. परागला गाडी त्यांच्याकडेच न्यायची असते."

"गाडीसाठी दुसरं गॅरेज मिळेल," मी म्हटलं.

"असं नाही मिळत," पराग कळवळून म्हणाले. "नदीमभाई एकदम ऑनेस्ट माणूस आहे."

माझी नात इरा अकरा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं उत्तम चालतं. तिने सगळी गोष्ट लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाली, "सो ही गॉट अ प्रमोशन फॉर फिक्सिंग हिज ओन मिस्टेक?"

"हो," मी म्हटलं.

"दॅट्स लाइक बाबाज बॉस."

पराग मोठ्याने हसले. मला त्या रात्री झोप लागली नाही. लहान मुलीने एका वाक्यात जे पकडलं, ते आमच्या घराने इतकी वर्षं फ्रेम करून भिंतीवर टांगलं होतं, याची मला खरंच लाज वाटली.

शारजा औद्योगिक क्षेत्र

गुरुवारी पराग मला गॅरेजवर घेऊन गेले. काचेच्या इमारती मागे पडल्या आणि शारजाची ही बाजू सुरू झाली तेव्हा मला पहिल्यांदा मोकळं वाटलं. इथे सगळं काम उघड्यावर चालतं. टायरांच्या राशी, उघडी इंजिनं, वेल्डिंगच्या ठिणग्या, पठाण, मल्याळी, बंगाली, फिलिपिनो आणि सगळ्यांची एकच मोडकी हिंदी. चहाच्या टपरीसमोर गाडी उभी केली आणि हॉर्न दिला की चहा गाडीत येतो. शांत देशात हॉर्नचा हा एवढा एकच उपयोग मी पाहिला. कडक नावाचा तो चहा खरोखर कडक होता. वेलदोडा भरपूर, साखर त्याहून भरपूर.

नदीम चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, हाताला ग्रीस लागलेलं म्हणून मनगट पुढे करून सलाम करणारा. त्याने माझ्यासाठी खुर्ची पुसली, पंखा वळवला, आणि मग जरा चाचरत म्हणाला, "आंटी, एक बात है. नानी को मैंने बताया कि कॅप्टनसाहब की पोती आई हैं, आपसे मिलना चाहती हैं. वो कुछ बोलीं नहीं. उठके अंदर चली गईं."

मी कप खाली ठेवला. "तो ना आऊँ?"

"नहीं नहीं. रात को खुद ही बोलीं, बुला लो. मगर हँसी नहीं." मग तो घाईघाईने म्हणाला, "मंगल को उनकी वापसी है कराची. हर साल सर्दियों में आती हैं, इस बार डॉक्टर ने कहा, बस, आखिरी सफर. आप सनीचर को आ जाइए. खाना हमारे साथ. खलास, पक्का."

 परतताना गाडीत मी हिशेब मांडत होते. मला पाकिस्तानचा व्हिसा मिळणार नाही, नानींना भारताचा मिळणार नाही, आणि आबांना तर जिना उतरवत नाही. दोन्हीकडच्या माणसांना सहज येता येईल अशी मधली जागा ही एवढीच, आणि तिथेही शनिवार हा एकच दिवस हाताशी. नाही म्हणायला शुक्रवारी इराने मला खाडी पार करायला लाकडी होडीतून नेलं. पाणी, सीगल पक्षी, पलीकडे मसाल्यांच्या गोण्या, सगळं सुंदर होतं. पण मला आठवतं ते एवढंच, की मी सबंध वेळ मनातल्या मनात हिंदीत माफीचं भाषण पाठ करत होते.

अजमान

अजमान म्हणजे दुबईत नोकरी आणि खिशाला परवडेल असं घर यांच्यामधली सोय. सकाळी सगळं अजमान दुबईकडे धावतं आणि संध्याकाळी परत येतं. शनिवारी ते घरीच होतं, त्यामुळे निवांत दिसत होतं. समुद्राकाठी कुटुंबं चटया टाकून बसली होती, शेगड्यांवर मांस भाजत होतं, आणि समुद्र इतका सपाट की आमच्या धरणाच्या पाण्याला जास्त लाटा येतात. नदीमची इमारत औषधाच्या दुकानामागे आहे एवढाच पत्ता होता, आणि त्या गल्लीत औषधाची दुकानं चार. पराग गाडी लावायला गेले तोवर तिसऱ्या दुकानामागे मी भडंगाची पिशवी घेऊन एका सुदानी गृहस्थांच्या घरी शिरले. त्यांनी मला बसवून खजूर दिले आणि मग मी चुकीच्या घरी आल्याचं प्रेमाने समजावलं. उशीर वीस मिनिटांचा झाला.

नानी खिडकीजवळच्या पलंगावर ताठ बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, पांढरी ओढणी, चष्म्याला दोरी. नाव रुकय्याबी. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी हात वर केला नाही, नुसतं माझ्याकडे पाहत राहिल्या. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "नानीजी, मैं बहुत दूर से..."

"अप्पासाहेबांची नात का गं तू?" त्या म्हणाल्या.

 नदीमची बायको दारात थांबली. तिने नानींच्या तोंडून ही भाषा कधी ऐकली नव्हती, असं तिनेच मला नंतर सांगितलं. नानी दहा वर्षांच्या असताना सोनवडी सुटली, आणि त्यांची मराठी तेवढ्याच वयाची राहिली होती. मोठ्या माणसांचे शब्द त्यांच्याकडे नव्हते, पण जे होते ते चोख आमच्या गावचे होते.

"हो," मी म्हटलं, आणि हिंदी भाषण तिथेच संपलं. मग मी मराठीत सांगितलं, जसं आलं तसं. "दहावी तोफ आमची होती. चिंचोके आजोबांनी मोजले, चूक त्यांची होती. जमादारांवर ती ढकलली. आमच्या वडिलांनी मला माफी मागायला पाठवलंय."  मागे पराग उभे होते, त्यांना मान खाली घालण्यावाचून दुसरं काम नव्हतं.

"ते ठाऊक हाय आमाला," नानी म्हणाल्या.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"अब्बांनी खिशात हात घालून मोजले व्हते की. दहा हायती, हे त्यांना पयल्या बाराच्या आधी कळलं."

"मग बोलले का नाहीत? दहावी उडवली कशाला?"

नानींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी शाळेत साधा पाढा चुकणाऱ्याकडे पाहायची. "साहेबानं दिले तेवढे उडवायचे. मोजायचं काम साहेबाचं. अब्बा म्हनले, पाव्हन्याचा मान वाढला असंल, आपल्याला काय सांगत्यात व्हय?"

पराग पुढे होऊन हळूच म्हणाले, "हे तर आमच्या ऑफिससारखंच आहे." मला हसू फुटलं, आणि ते आवरेना.  नदीमच्या बायकोने पाणी आणून दिलं. नदीमला काहीच समजलं नव्हतं, तो सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "सब ठीक है ना?"

जेवायला बिर्याणी होती, दही होतं, आणि एका वाटीत हिरवा खर्डा. मी चाखला आणि थांबले. तव्यावर भाजलेल्या मिरच्या, लसूण, जाडं मीठ, शेंगदाणे अर्धवट कुटलेले. आमच्या घरचाच. नदीम म्हणाला, "ये नानीवाली चटनी है. कराची में पूरे मोहल्ले में मशहूर है." मी त्याला सांगितलं की याला खर्डा म्हणतात. त्याच्या मुलांनी तो शब्द पाच-सहा वेळा म्हणून पाहिला, प्रत्येकाने वेगळा. नानी माझं भडंग चहात भिजवून खात होत्या. आमच्याकडे कुणी भडंग असं खाल्लं तर मी त्याला रागावले असते.

जेवण झाल्यावर मला वाटलं, झालं काम. मी विचारलं, "मग आबांना सांगू ना? राग नाही म्हणून?"

नानींनी कप खाली ठेवला. "राग हाय," त्या म्हणाल्या.

"नोकरी गेली त्याचा?" मी विचारलं.

"नोकरी गेली त्याचा नाही. अब्बांना बंदरावर काम मिळालं, आमी शिकलो, चांगलं झालं. पर लेफ्टनसाहेब..." त्यांच्यासाठी आजोबा कॅप्टन झालेच नव्हते. "लेफ्टनसाहेब टेशनावर आले नाहीत. सारं गाव आलं. तालमीतली समदी आली. अब्बा डब्याच्या दारात उभे. गार्डानं शिट्टी मारली तरी आत येईनात. अम्मी म्हनली, आता या. तरी नाही आले. गाडी गाव सोडून गेली तवा आत आले आणि मला म्हनले, रुकय्या, तो आला नाही गं." त्यांनी चष्मा काढून ओढणीने पुसला. "कराचीत म्हातारे झाले तरी म्हनायचे. तो आला नाही."

 चिंचोक्यांची कबुली मी आणली होती, याची आणली नव्हती. आबांनी याबद्दल मला काही सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "मी आबांना विचारते." आणि मनात म्हटलं, खोटं काही बोलायचं नाही. आले नव्हते तर नव्हते.

फोन लावला तेव्हा आमच्याकडे दुपारचे साडेतीन-चार झाले असतील. आपण घरी ज्या अॅपवर तोंडं बघत बोलतो ते तिथे चालत नाही, म्हणून साधाच फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. माझ्या भावाने, दादाने उचलला आणि आबांच्या हातात दिला. आबांना हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे मला ओरडावं लागत होतं.

"आबा! मी अजमानहून बोलतेय! जमादारांच्या मुलीकडे आहे!"

"माफ केलं का?"

"चिंचोक्यांचं त्यांना माहीतच होतं! पण त्या म्हणतायत, आजोबा स्टेशनवर निरोपाला आले नाहीत! त्याचा राग आहे!"

मी फोन नानींच्या जवळ सरकवला. 

"आले होते," आबा म्हणाले.

नानींनी मान वर केली.

"मी होतो त्यांच्याबरोबर. हात धरून नेलं होतं मला. टाकीमागे उभे राहिलो आम्ही. मी म्हटलं, अप्पा, पुढे चला की, काका दारात उभे आहेत. तर म्हणाले, कसा जाऊ? ड्युटीवरून तसेच निघाले होते, अंगावर नवा ड्रेस, खांद्यावर तिसरा स्टार. म्हणाले, हे घालून त्याच्यासमोर कसा जाऊ. गाडी हलली तसा सलाम केला, तो शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत खाली घेतला नाही. मला वाटलं ते आता पडतात."

नानी पुढे सरकल्या. माझ्या हातातला फोन त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. "कोन बोलतंय? बाळू का?"

माझ्या वडिलांना बाळू म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

"हां. बाळू."

"कुटली टाकी?"

"पाण्याची. इंजिनाला पाणी भरायची."

नानींनी डोळे बारीक केले. "गळायची ती?"

"गळायची तर! माझा एक बूट चिखलात राहिला. त्यावरून आईचा मार खाल्ला."

  नानी नदीमकडे वळल्या आणि उर्दूत म्हणाल्या, "आए थे. टंकी के पीछे खड़े थे. अब्बा की नज़र तो फाटक पर थी, देखते कैसे?" आणि रडायला लागल्या. रडतारडताच हसायलाही लागल्या. नदीम त्यांच्या पायाशी बसला. मी भिंतीला टेकले. मला फार हलकं वाटत होतं.

"बाळू," नानी फोनला म्हणाल्या, "आमी उगंच रागावलो की रं इतकी वर्सं."

"काय म्हणतात?" आबांचा आवाज आला.

मी फोनजवळ तोंड नेलं. "त्या म्हणतायत, राग गेला!"

"काय?"

"राग गेला, आबा!"

"मोठ्यानं सांग. ऐकू येत नाही."

मी तिसऱ्यांदा सांगितलं, इतक्या जोरात की शेजारच्यांनी भिंतीवर थापा मारल्या. मग चौथ्यांदा नानींनी स्वतः सांगितलं.

सोनवडीला परतल्यावर वहिनी मला म्हणाली, त्या दिवशी आबांच्या कानाचं मशीन लावलेलं होतं. तिने स्वतः लावून दिलं होतं. पहिल्या वेळीच त्यांना नीट ऐकू आलं होतं.